कोजागरीला गच्चीवर मांडलेला कॅसिनो: मेज, चिप्स आणि खेळांचे नियम

कोजागरीला आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या सोसायटीत गच्चीवर दूध आटत असतं आणि बाजूला पत्ते पिसले जातात. या रात्री अक्षक्रीडा, म्हणजे फाशांचा खेळ करून जागरण करायची रीत जुनीच आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षं मेंढीकोट, झब्बू आणि तांबोला चालायचा. गेली काही वर्षं त्यांच्या जोडीला कॅसिनोची मेजं लागतात. निमित्त माझा भाचा. गोव्याहून परत आल्यावर त्याला विचारलं, काय काय खेळलास? म्हणाला, "आत्या, बाजूचे सगळे जिथे लावत होते तिथे मीही लावलं." नियम विचारले तर एकही सांगता येईना. एका बँकेच्या कॅश काउंटरवर माझी एकोणतीस वर्षं गेली. पैसा जिथे हात बदलतो तिथला प्रत्येक नियम का आहे, हे समजल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून सगळे खेळ घरीच मांडून बघितले, आणि एक गोष्ट पक्की कळली: कॅसिनोचा वाटा कुठे लपवलेला नसतो. तो नियमांतच उघडा लिहिलेला असतो. मेज स्वतः मांडलं की तो बोट ठेवून दाखवता येतो.

आमच्या गच्चीवर एक रुपयाही लागत नाही. चिप्स म्हणजे फक्त गुण. ही अट तुम्हीही पाळा, कारण महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. कॅसिनोंसाठी राज्यात १९७६ मध्ये एक कायदा झाला होता, पण तो कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचं वेगळं आहे. तिथे १९९६ च्या दुरुस्तीनंतर पत्त्यांची आणि रुलेटची मेजं मांडवीतल्या जहाजांवर चालतात, जमिनीवरच्या हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ असतात, आणि २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. मोबाइलवर पैसे लावून सराव करू, असं कोणी सुचवलं तर तेही नको. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत.

सामान जमवताना

सुरुवात कापडापासून करा. गुळगुळीत सनमायकावर पत्ता घसरतो, उचलता येत नाही, आणि फासा उड्या मारत खाली जातो. मेजावर हिरवी बनात असते ती यासाठी. रविवार पेठेत कापडाच्या दुकानात जाड फेल्ट मागा. दीड मीटर लांबीचे दोन तुकडे पुरतात, एक रुलेटला आणि एक पत्त्यांना. खाली जुनी सोलापुरी चादर दुहेरी घालून वर फेल्ट ताणून बसवलं की पत्ता अलगद उचलला जातो.

चिप्सचा विकतचा संच बहुधा ५०० चा मिळतो. चिप साधारण ३९ मिलिमीटर व्यासाची असते. संच घ्यायचा नसेल तर तुळशीबागेत शिवणसामानाच्या दुकानांत मोठी, चपटी, एकाच मापाची बटणं मिळतात. आम्ही पहिली दोन वर्षं त्यांच्यावरच काढली. माप एकच हवं, कारण डीलर, म्हणजे मेज चालवणारा, चिप्स एकेक मोजत नाही, थप्पी थप्पीला लावून उंची बघतो. नाणी मोजताना आम्ही बँकेत तेच करायचो. रंगांची किंमत अशी ठरवा: पांढरी १, लाल ५, हिरवी २५, काळी १००. कॅसिनोगणिक रंग बदलतात, पण ही रचना बरीच प्रचलित आहे. प्रत्येकाला १०० गुण द्यायचे तर २० पांढऱ्या, ११ लाल आणि १ हिरवी. बाराजणांना २४० पांढऱ्या, १३२ लाल, १२ हिरव्या, म्हणजे ३८४ चिप्स. उरलेल्या ११६ बँकेकडे, म्हणजे मेजाच्या साठ्यात.

पत्त्यांचे दोन कॅट आणा, मागची नक्षी एकच असलेले. प्लॅस्टिकचे घेतले तर दुधाच्या हातांनीही खराब होत नाहीत. मोठ्या मेजांवर सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसून शू नावाच्या उतरत्या खोक्यात भरतात आणि एकेक पत्ता पुढून सरकवून काढतात. त्यामुळे डीलरच्या हातात कॅट राहतच नाही, आणि खालचा पत्ता काढल्याचा संशय घ्यायला जागा उरत नाही. शेवटी एक कोरं रंगीत पान खुपसतात, ते कट कार्ड. ते आलं की चालू हात पुरा करून पुन्हा पिसायचं. घरी शू नसला तरी चालेल, कट कार्ड मात्र ठेवा. जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा छान बसतो.

पिसण्यात घाई करू नका. आधी सगळे पत्ते पालथे पसरून दोन्ही हातांनी कालवायचे, मग दोन भाग करून एकमेकांत फुर्रकन मिसळायचे. ५२ पत्त्यांचा कॅट नीट मिसळायला असे सात वेळा पिसावं लागतं, हे बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं. आमच्याकडे दोनदा पिसून वाटायची सवय होती. ती मोडायला वेळ लागला.

रुलेटचं चाक घरी सगळ्यात अवघड. खेळण्यातलं छोटं चाक एका बाजूला कललेलं असलं तर चेंडू त्याच घरांत पडत राहतो. चाक असेल तर त्याखाली गवंडी वापरतात ती लेव्हल-बाटली ठेवून बुडबुडा मधोमध आणा. नसेल तर तांबोल्याचा संच काढा. १ ते ३६ च्या सोंगट्या पिशवीत टाका, शून्यासाठी तेवढ्याच मापाचं एक बटण टाका, आणि हात घालून एक काढा. दिसायला साधं, पण हिशोबात अस्सल चाकाइतकंच खरं.

डीलरचा हात

खेळ सुरू करण्याआधी डीलर होणाऱ्याला तीन सवयी लावा. पैसे किंवा चिप्स कधीही हातातून हातात घ्यायच्या नाहीत. समोरच्याने मेजावर ठेवायच्या, डीलरने उचलायच्या. चिप्स देताना पसरून मोजून दाखवायच्या. मेजावरून उठताना दोन्ही तळवे उघडून उलटसुलट दाखवायचे. कॅसिनोत वरच्या कॅमेऱ्यासाठी हे करतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमचा काउंटरच आठवला: नोटा ग्राहकासमोर मोजायच्या, ड्रॉवर बंद करूनच उठायचं. कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका नसते. उद्या वाद झाला तर नुसतं चित्र बघून निकाल लागावा, एवढ्यासाठी हे.

अंदर-बाहर, कारण हा सगळ्यांना येतो

एक पत्ता मधोमध उघडा ठेवायचा. समजा सत्ती निघाली. आता एक पत्ता अंदर, एक बाहर असे वाटत जायचं. ज्या बाजूला दुसरी सत्ती पडेल ती बाजू जिंकली.

दोन्ही बाजू सारख्या वाटतात, पण ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती ५१.५ टक्के वेळा जिंकते. तिला प्रत्येक फेरीत एक पाऊल आधी टाकायला मिळतं, बस एवढंच. म्हणून कॅसिनोत त्या बाजूला १० वर ९ च देतात आणि दुसऱ्या बाजूला १० वर १०. हिशोब केला तर पहिल्या बाजूवर लावणाऱ्याचे शंभरामागे साधारण सव्वादोन गुण जातात, दुसऱ्या बाजूवर तीन. पहिला पत्ता कोणत्या बाजूला पडतो हे मेजागणिक बदलतं. बसण्याआधी तेवढं विचारून घ्या.

ब्लॅकजॅक: इथे बसून वेळ घालवा

मला हा खेळ सगळ्यात आवडतो, कारण यात खेळणाऱ्याच्या निर्णयाला खरंच किंमत आहे. मेज अर्धगोल, सरळ बाजूला डीलर, गोल बाजूला बहुधा सात जागा. प्रत्येकजण डीलरविरुद्ध खेळतो, शेजाऱ्याशी त्याचं देणंघेणं नाही.

दुर्रीपासून दश्शीपर्यंत पत्त्याची आकड्याइतकी किंमत, गुलाम-राणी-राजा प्रत्येकी १०, एक्का १ किंवा ११, जो सोयीचा. आधी चिप्स समोरच्या चौकटीत ठेवायच्या. पत्ता पडला की त्यांना हात लावायचा नाही. डीलर आपल्या डावीकडून सुरू करून प्रत्येकाला दोन पत्ते उघडे देतो, स्वतःचा एक उघडा आणि एक पालथा ठेवतो. एक्का आणि १० किमतीचा पत्ता आला तर तो ब्लॅकजॅक.

पत्ता हवा असेल तर मेजावर बोटाने टकटक. नको असेल तर तळहात आडवा फिरवायचा. तोंडाने सांगितलेलं धरत नाहीत, खूण धरतात. २१ च्या पुढे गेलात तर तिथेच संपलात, चिप्स लगेच उचलल्या जातात. सगळ्यांचं झालं की डीलर आपला पालथा पत्ता उघडतो. त्याला निवड नसते: १६ किंवा कमी असेल तर घ्यायचाच, १७ झाले की थांबायचंच. काही मेजांवर एक्का ११ धरून झालेल्या १७ वर त्याला आणखी एक घ्यावा लागतो, आणि ते खेळणाऱ्याला थोडं महाग पडतं. ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो, बरोबरी झाली तर चिप्स परत.

कॅसिनोचा वाटा कुठे आहे ते इथे शोधा. आमच्या गच्चीवर मी सगळ्यांना हा प्रश्न घालते आणि पंधरा मिनिटं थांबते. कोणी म्हणतं, डीलरला पालथा पत्ता ठेवता येतो म्हणून. कोणी म्हणतं, तो सराईत असतो म्हणून. खरं उत्तर क्रमात आहे. आधी तुम्ही खेळता. तुम्ही २२ केले आणि नंतर डीलरनेही २२ केले, तर ती बरोबरी नाही. तुमच्या चिप्स आधीच गेलेल्या असतात. कॅसिनोची मुख्य कमाई यातून येते, बाकी जवळजवळ सगळे नियम खेळणाऱ्याच्या बाजूचे आहेत.

ते बाजूचे नियम असे. पहिल्या दोन पत्त्यांवर चिप्स दुप्पट करून एकच पत्ता घेता येतो, त्याला डबल म्हणतात. सारखे दोन पत्ते आले तर तेवढ्याच चिप्स पुन्हा लावून त्यांचे दोन हात करता येतात, ते स्प्लिट. ब्लॅकजॅकला दीडपट मिळतं, १० वर १५.

काय कधी करायचं हे डीलरच्या उघड्या पत्त्यावरून ठरतं. त्याच्याकडे ४, ५ किंवा ६ असेल तर तो जास्तच वेळा फुटतो, म्हणजे २१ च्या पुढे जातो, म्हणून तुमचे १२ ते १६ असतील तर थांबा. २ किंवा ३ असेल तर १३ ते १६ वर थांबा, १२ वर एक घ्या. त्याच्याकडे ७ किंवा वरचं काही असेल तर १६ वरही घ्यायलाच हवा. हात थरथरतो, पण घ्या. ११ वर बहुतेक वेळा डबल. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी नेहमी फोडायची. दश्शींची आणि पंज्यांची कधीच नाही. दश्श्या म्हणजे हातातले २० आहेत, आणि पंज्यांचे १० एकत्रच चांगले.

दोन सापळे आहेत. पहिला इन्शुरन्स. डीलरचा उघडा पत्ता एक्का असला की विचारतात, विमा घेता का? लावल्याच्या अर्ध्या चिप्स बाजूला ठेवायच्या, डीलरचा ब्लॅकजॅक निघाला तर त्यावर दुप्पट. शब्द सुरक्षित वाटतो, पण ही एक वेगळीच पैज आहे. सहा कॅटच्या शूमध्ये १० किमतीचे ९६ पत्ते, उरलेले ३११. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी वेळा तो पत्ता निघतो आणि पैसे मात्र तिसरा हिस्सा धरून दिले जातात. शंभरामागे सातच्या वर गुण जातात. घेऊ नका.

दुसरा सापळा मेजावर छापलेला असतो: ब्लॅकजॅकला ३:२ की ६:५. दुसऱ्यात १० वर १५ ऐवजी १२ च मिळतात. ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा येतो, तेव्हा २१० गुणांच्या खेळात ३ गुण जास्तीचे गेले, जवळजवळ दीड टक्का. नीट खेळून वाचवलेलं सगळं त्यात जातं. मेजावर बसण्याआधी हा आकडा वाचणं, एवढा एकच धडा भाच्याने घेतला तरी माझं समाधान आहे.

रुलेट

फेल्टवर शिंप्याच्या खडूने तीन उभे स्तंभ आणि बारा आडव्या ओळी आखा. घर १० सेंटिमीटर रुंद, ८ उंच, म्हणजे लांबी ९६ सेंटिमीटर. पहिल्या ओळीत १, २, ३, दुसरीत ४, ५, ६, असं ३६ पर्यंत. डोक्यावर आडवं शून्याचं हिरवं घर. लाल आकडे हे: १, ३, ५, ७, ९, १२, १४, १६, १८, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३२, ३४, ३६. बाकीचे काळे. कडेला सम-विषम, लाल-काळा, १ ते १८, १९ ते ३६ आणि तीन डझनांच्या चौकटी.

चिप कुठे ठेवली यावरून पैज ठरते. एका घराच्या मधोमध ठेवली तर एकास पस्तीस. दोन घरांच्या रेघेवर सतरा, ओळीच्या टोकाला तीन आकड्यांवर अकरा, चार घरांच्या कोपऱ्यावर आठ, दोन ओळींच्या टोकाच्या रेघेवर सहा आकडे आणि पाच. डझन किंवा स्तंभाला दोन, लाल-काळ्याला एकास एक. कॅसिनोत रुलेटला प्रत्येकाच्या चिप्सचा रंग वेगळा असतो, कारण एकाच घरात पाचजणांची गर्दी होते. घरी वेगवेगळ्या रंगांची बटणं घ्या आणि प्रत्येक बटण एक गुणाचं धरा.

डीलर चाक एका दिशेला फिरवतो, चेंडू उलट दिशेला सोडतो. चेंडू मंदावला की "नो मोअर बेट्स". आम्ही "हात वर" म्हणतो. आकडा निघाला की त्यावर एक छोटी बाहुली ठेवायची. मग आधी हरलेल्या चिप्स ओढायच्या, नंतर जिंकलेल्यांना द्यायचं, आणि बाहुली उचलेपर्यंत कोणी मेजाला हात लावायचा नाही. बाहुली म्हणून बुद्धिबळाचा वजीर वापरा.

आता प्रयोग. ३७ च्या ३७ घरांवर, शून्य धरून, एकेक बटण ठेवा. ३७ लावले. कुठलाही आकडा निघो, तुम्हाला ३५ आणि तुमचं स्वतःचं एक मिळून ३६ परत. दर वेळी एक गेलं. ३७ तला एक म्हणजे २.७ टक्के, आणि कुठेही लावलं तरी हिशोब हाच. अमेरिकी चाकावर दोन शून्यं असतात, ३८ घरं, आणि देणं तेच ३५. तिथे ५.२६ टक्के जातात. चाकावर किती शून्यं आहेत ते मोजूनच बसा.

दरवर्षी कोणीतरी म्हणतं, पाच वेळा काळा आला, आता लाल येणारच. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोत सलग २६ वेळा काळा आला होता, आणि लोक लाल लावत राहून बुडाले. तांबोल्याच्या पिशवीत हात घालणाऱ्याला विचारा, मागची सोंगटी परत टाकल्यावर पिशवीला काय आठवतं?

बॅकरा आणि फासे, थोडक्यात

बॅकराला खेळणाऱ्याला काहीच ठरवायचं नसतं. प्लेअर आणि बँकर ही दोन हातांची नावं, ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो. त्यांतल्या एकावर किंवा टाय म्हणजे बरोबरीवर लावायचं, पुढे नियम चालतात. १० आणि चित्रांची किंमत शून्य, एक्का १, बेरजेचा फक्त शेवटचा आकडा धरायचा: ७ आणि ८ म्हणजे १५, म्हणजे ५. दोन पत्त्यांत कोणाचेही ८ किंवा ९ झाले तर तिथेच निकाल. नाहीतर प्लेअर ५ पर्यंत तिसरा पत्ता घेतो, ६-७ वर थांबतो. प्लेअर थांबला तर बँकरलाही हाच नियम. प्लेअरने तिसरा घेतला असेल तर बँकर २ पर्यंत नेहमी घेतो, ३ वर प्लेअरचा तिसरा ८ नसेल तर, ४ वर तो २ ते ७ असेल तर, ५ वर ४ ते ७ असेल तर, ६ वर ६ किंवा ७ असेल तर. ७ वर थांबतो. हे कागदावर लिहून डीलरसमोर ठेवा, पाठ करायच्या भानगडीत पडू नका. बँकर शेवटी खेळतो म्हणून जास्त वेळा जिंकतो, आणि म्हणूनच त्याच्या जिंकण्यावर ५ टक्के कापतात. तरी तोच सगळ्यात स्वस्त, १.०६ टक्के. प्लेअरवर १.२४. टायला आठपट दिसतं आणि १४ टक्क्यांहून जास्त जातात, त्याच्या वाटेला जाऊ नका.

क्रॅप्स हा फाशांचा खेळ, त्याला कॅरमबोर्ड वापरा. दोन फासे अशा जोराने टाकायचे की समोरच्या कडेवर आपटून मागे येतील. न आपटलेली टाक धरायची नाही. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ होते का, ते आधी तपासा. पहिल्या टाकेला ७ किंवा ११ आले तर जिंकलात, २, ३, १२ आले तर हरलात. दुसरा काही आकडा आला तर तो पॉइंट: तो पुन्हा आला तर जिंकलात, त्याआधी ७ आला तर गेलात. ४९५ पैकी २४४ वेळा जिंकता येतं. मेजावर बाकी बऱ्याच चौकटी असतात, पण पहिल्या वर्षी एवढंच खेळा.

तीन पत्ती

घरातली तीन पत्ती एकमेकांविरुद्ध असते. कॅसिनोतल्या तीन पत्त्यांच्या पोकरात डीलरविरुद्ध खेळायचं असतं: आधी एक चिप, पत्ते बघून तेवढीच आणखी किंवा सोडून द्यायचं, आणि डीलरकडे निदान राणी नसेल तर त्याचा हात धरत नाहीत. एक फरक आवर्जून लक्षात ठेवा. आपल्याकडे तीन सारखे पत्ते सगळ्यांत वर आणि पक्की रन (एकाच चिन्हाचे सलग तीन पत्ते) त्याखाली. तिकडे उलट. मोजून बघा: २२,१०० हातांत तीन सारखे ५२ वेळा येतात, पक्की रन ४८ वेळा. म्हणजे तिकडचा क्रम हिशोबाला धरून आहे. आमच्या गच्चीवर यावरून अर्धा तास वाद झाला आणि शेवटी आपला क्रमच कायम ठेवला.

आवरताना

दूध पिऊन झालं की आधी चिप्स मोजायच्या, मग गप्पा. प्रत्येकाने लहान चिप्स देऊन मोठ्या घ्यायच्या. कॅसिनोतही मेज सोडताना असंच करतात. बँकेच्या आणि सगळ्यांच्या मिळून ५०० भरल्या पाहिजेत. कमी पडल्या तर चादरीच्या घड्या झटका, तिथेच सापडतात. फेल्टची घडी घालू नका, चुणी पडली की पुढच्या वर्षी पत्ता तिथेच अडकतो. कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याची नळी मागून आणा आणि त्यावर गुंडाळून ठेवा. तांबोल्याच्या पिशवीतून शून्याचं बटण काढायला विसरू नका, नाहीतर गणपतीत तांबोला खेळताना कोणीतरी ते ओढून काढतं.